उरलेला गोटा

आमच्या घरात रोज संध्याकाळी हजेरी होत असे. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आणि दिवसभर चाळीस पोरांची हजेरी घेऊनही त्यांची हौस फिटत नसे. वंदना झाली, उदबत्तीचा धूर खिडकीकडे वळला, की ते ताटावर बसता बसता म्हणत, "सुधाकर?" दादा म्हणे, "हजर." "बेबी?" मी म्हणे, "हजर." मग ते जरा थांबत, स्वयंपाकघराकडे मान वळवत आणि तपासणीला आलेल्या साहेबाच्या आवाजात विचारत, "सुमन?" आतून तव्यावर भाकर उलटल्याचा आवाज येई आणि त्याच्या मागून आईचा, "हजर, सर." एखाद्या दिवशी ती म्हणे, "गैरहजर. तिले कामं आहेत." बाबा विचारत, "रजेचा अर्ज?" मग आई उठून यायची आणि अर्जाऐवजी फुगलेली भाकर त्यांच्या ताटात टाकायची. रोज तेच, तरी रोज आम्ही हसत होतो. आई चालताना टाच आधी आणि जोरात टेकवी. शेणानं सारवलेल्या जमिनीवरही तिचं येणं कळत असे. कोण आलं हे मला मान वर करून कधी पाहावं लागलं नाही.

ती गेली कापूस वेचणीच्या दिवसांत, काविळीनं, अकरा दिवसांत. मी दहा वर्षांची होते, दादा चौदाचा. पुलगावहून आत्या आली आणि चूल तिच्याकडे गेली. आत्याची भाकर जाड असे आणि ती थापताना मधेमधे थांबे, त्यामुळे भिंतीपलीकडून येणारा तो आवाजही दुसऱ्याच घरातला वाटे. महिना-दोन महिने बाबांनी हजेरी घेतली नाही. मग एका संध्याकाळी, बहुधा आम्हा दोघांकडे पाहून, त्यांनी पुन्हा सुरू केली. "सुधाकर?" "हजर." "बेबी?" "हजर." आणि त्यानंतर ते थांबले. नाव घेतलं नाही, पण पूर्वी जिथं थांबत तिथंच थांबले, आणि तितकाच वेळ. पुढं रोज तसंच होऊ लागलं. त्या थांबण्यात आत्याचे हातही थांबत आणि आम्ही चौघंही, एकमेकांकडे न बघता, कान देऊन बसत असू. मी आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली. शांतता राखणं हे माझं कामच होतं. पण त्या दोन घोटांएवढ्या शांततेइतकी भरलेली शांतता मी पुन्हा पाहिली नाही. म्हणजे, एका जागेखेरीज पाहिली नाही.

त्या जागेचं नाव मुकी धार. आर्वीच्या पुढं जिथं शेतं संपून डोंगराच्या कडा सुरू होतात, तिथं आत जंगलात हा धबधबा आहे. आईचे वडील बांबू तोडायला त्या बाजूला जात आणि लहानपणी ती त्यांच्याबरोबर दोनदा गेली होती. रात्री आम्हाला झोपवताना ती त्याचं वर्णन करी. धार कोसभरावरून ऐकू येते, म्हणे; कापसाच्या जिनिंगमध्ये खूप माणसं एकदम बोलत असावीत तसा आवाज. जवळ जावं तसा वाढतो. मग एक वळण येतं आणि तिथं आवाज एकदम बंद होतो, दार लावल्यासारखा. तिथून पुढं दोन कड्यांमधून बांबूतली वाट आहे. त्या वाटेवर काहीच ऐकू येत नाही, आणि अगदी पाण्यासमोर जाऊन उभं राहिलं की आवाज पुन्हा अंगावर येतो. त्या मुक्या वाटेवर हाक मारली तर दहा पावलांवरच्या माणसालाही नीट कळत नाही ती कुठून आली. म्हणून बांबू तोडणाऱ्यांची एक रीत होती. वळणावर धावड्याच्या झाडाखाली एक सपाट खडक आहे, त्याला पाट म्हणत. आत जाताना ज्यानं त्यानं आपला एक गोटा त्याच्यावर ठेवायचा. बाहेर येताना आपला आपण उचलायचा आणि रस्त्याच्या बाजूला फेकून द्यायचा. संध्याकाळी पाटावर गोटा उरला, तर कोणीतरी आत आहे. तो सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही.

बाबांना देव-भूत, उतारे-गंडे यांचा तिटकारा होता. घरात कोणी शिंकलं म्हणून थांबलं तरी ते रागवत. पण ही रीत त्यांना फार आवडे. ते म्हणत, "ही श्रद्धा नाही, ही हजेरी आहे. या लोकांनी शाळेत न जाता हजेरीपट काढला." आई मात्र त्यापुढचंही सांगायची, बाबा झोपले की. एकदा एक गोटा उरला होता. दोन दिवस शोधल्यावर तो माणूस धारेपाशी सापडला, धडधाकट. आम्ही इतकं शोधलं, तू होतास कुठं, असं विचारलं तर म्हणाला, "मी तं तुमच्यासंगच चालून राह्यलतो." आणि आणखी एक: दुसऱ्याचा गोटा आपण उचलायचा नाही. उचलला तर आतला माणूस त्याच्या मागं मागं येतो; त्याला वाटतं, हाच आपल्याला न्यायला आला. हे सांगून झालं की आई माझ्या अंगावर गोधडी ओढायची आणि म्हणायची, "तुले नेईन एकदा. आपन दोघी जाऊ. तू तुहा गोटा ठेवजो, मी माहा ठेवीन."

आई गेल्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्यांत बाबांनी आम्हाला तिथं न्यायचं ठरवलं. का ते त्यांनी सांगितलं नाही. आईच्या माहेरगावचा तिचा चुलतभाऊ उकंडमामा बैलांची बंडी घेऊन आला. आत्यानं पहाटे भाकरी केल्या, आलूची सुकी भाजी आणि जवसाची चटणी बांधून दिली. मामानं गाठोड्याचा वास घेऊन म्हटलं, "आत्याबाई, मीठ टाकलं का याद करून? मागच्या खेपेले मले बैलाच्या मिठावर जेवा लागलं." आत्या म्हणाली, "तुले बैलाचंच गोड लागते." आई गेल्यापासून आमच्या अंगणात कोणी असं मोकळं बोललं नव्हतं. बाबाही हसले. मला तो सकाळचा उजेड अजून दिसतो: पऱ्हाटी कापसाच्या बोंडांनी पांढरी झालेली, आणि धुऱ्याच्या बांधावर सीताफळाची झाडं.

शेतं संपली आणि रस्ताही संपला. पुढं होती ती बंडीची चाकोरी. कुठं गुडघाभर खोल, कुठं उघडा खडक. दोन नाले उतरून चढावे लागले. प्रत्येक नाल्यात मामा खाली उतरून बैलांच्या तोंडाशी जाऊन त्यांना काहीतरी सांगे आणि ते ऐकत. चाकाची कुरकुर, दगडावर आदळलेला आस, पाठीला लागणारी बंडीची पाटी. दुसऱ्या नाल्यानंतर दादा म्हणाला, "बेबी, ऐक." खूप माणसं बोलत होती. दूर, एकदम, न थांबता. शब्द कळत नव्हते, पण आता कळतील असं वाटत होतं. मामानं बैल सोडले, झाडाखाली बांधले, आणि आम्ही पायी निघालो. आवाज वाढत गेला. मग वाट एका कड्याला वळसा घालून गेली आणि आवाज गेला.

आईनं सांगितलं होतं तरी मी दचकले. कमी झाला असं नव्हे, गेलाच. पाखरूसुद्धा नव्हतं. स्वतःचा श्वास कोणी दुसऱ्यानं कानापाशी घ्यावा तसा ऐकू येत होता. धावड्याखाली तो खडक होता, आमच्या घरच्या पोळपाटासारखा गुळगुळीत. मामानं त्यावरचा पाचोळा हातानं पुसला, खालून एक गोटा उचलून ठेवला आणि खुणेनं आम्हाला ठेवायला सांगितलं. बाबांनी ठेवला, दादानं ठेवला. मी माझा ठेवला. ते तिघं वळले तेव्हा मी आणखी एक ठेवला. लालसर, मधून पांढरी रेघ गेलेला, कोंबडीच्या अंड्याएवढा. तो मी वाटेवरच निवडून मुठीत धरला होता. आम्ही दोघी जाणार होतो. मी माझा ठेवणार होते आणि ती तिचा. त्यात मला वावगं काहीच वाटलं नाही. मान वर केली तर दादा थांबून माझ्याकडे पाहत होता. मला पुढं घालून स्वतः मागं राहिला.

पुढं मामा, मग बाबा, मी, आणि शेवटी दादा. वाट इतकी अरुंद की दोन्ही बाजूंचा बांबू खांद्यांना लागत होता. खाली कुजलेल्या पानांचा थर, वर आभाळाची बारीक पट्टी. बोलायला काही नव्हतं म्हणून मी पावलं ऐकत गेले. मामाच्या वहाणा. बाबांचे बूट. माझ्या चपला. दादाच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो अनवाणी होता. त्याचे पाय चटक-चटक वाजत होते. आणि त्याच्याही मागं एक पाऊल होतं. टाच आधी टेकवणारं. मी मान वर करून पाहिलं नाही. मला कधी पाहावं लागत नसे.

मग शेवटचा बांबू बाजूला झाला आणि सगळा आवाज एकदम अंगावर आला. काळ्या खडकावरून चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या उंचीवरून पाणी पडत होतं आणि खाली हिरवागार डोह होता. आम्ही तिथं जेवलो. तुषारांनी भाकरी ओलसर झाल्या. मामानं बाबांच्या कानाशी ओरडून सांगितलं की मीठ आहे. बाबांनी मान डोलावली, पण ते पाण्याकडेच पाहत होते. वर्गातल्या रिकाम्या बाकाकडे पाहावं तसे. परत निघताना मी पावलं ऐकली. मामा, बाबा, मी, दादा. मागं काही नव्हतं.

वळणावर आलो. मामानं आपला गोटा उचलून फेकला. बाबांनी, दादानं, मी. पाटावर एक उरला.

मामानं बोटानं आम्हाला मोजलं, स्वतःला मोजलं. मग म्हणाला, "मास्तर, एक गोटा हाय."

"आधीचा असेल कोणाचा."

"आधीचा कसा? तुमच्यासमोर पुसला मी पाट."

"मग मोजण्यात चूक झाली."

"चार मानसांत काय चूक होते? तुम्ही तं चाळीस पोट्टे मोजता." मामाच्या आवाजातली थट्टा गेली होती. "मी बैल जुपत नाई, मास्तर. माह्या बापानं नाई जुपले कधी."

"अहो, सगळे इथं उभे आहेत."

"हायेत. पन गोटा बी हाय."

बाबांना राग येत होता, पण त्या रीतीचं कौतुकही त्यांनीच केलेलं होतं. ते सरळ उभे राहिले आणि शाळेतल्यासारखे म्हणाले, "सुधाकर?" "हजर." "बेबी?" मी म्हटलं, "हजर." आणि मग, काही ठरवून नव्हे, नुसत्या सवयीनं, ते थांबले. तिथंच. तितकाच वेळ. त्या जागी पाखराचाही आवाज नव्हता. मी बाबांचा चेहरा पाहत होते आणि तो माझ्यासमोर बदलला. त्यांनी पाटावरच्या त्या गोट्याकडे पाहिलं, टोपी काढून दादाच्या हातात दिली आणि म्हणाले, "मी पाहून येतो."

ते वळणाआड गेल्यावर मामा एकदम म्हणाला, "बिनगोट्याचा गेला न मास्तर." दादानं लगेच खालचा एक गोटा उचलून बाबांच्या नावानं पाटावर ठेवला. आता दोन झाले. आम्ही बसलो. ऊन कड्यावर चढत गेलं आणि खाली सावली आली. दूर बैलांच्या गळ्यातला घुंगरू एकदा वाजला, मग नाही. मामा तंबाखू मळायला लागला आणि मळतच राहिला, तोंडात टाकलीच नाही.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तो गोटा माझा आहे, आईच्या नावानं मीच ठेवला, एवढंच. बाबा रागावतील ही भीती होती, नाही असं नाही. पण आज, अडुसष्टाव्या वर्षी, कोणाला भ्यायचं उरलेलं नसताना, खरं कारण लिहून ठेवते. मी गप्प बसले कारण बाबा शोधायला गेले होते. शोधलं तर सापडेल, असं मला वाटत होतं. बाबा आता वळणावरून येतील आणि त्यांच्या मागं टाच टेकवत ती येईल, पदर झटकत म्हणेल, मी तं तुमच्यासंगच चालून राह्यलती. मी वाट पाहत होते. त्या दिवशी त्या उरलेल्या गोट्याची भीती वाटत नव्हती ती फक्त मला.

बाबा आले ते एकटेच. गुडघ्यांपर्यंत भिजलेले. डोहात उतरायचं तर कुणी सांगितलं नव्हतं.

"कोणी नाही," ते म्हणाले.

"हाक मारली का?" मामानं विचारलं.

"मारली."

"कोनाच्या नावानं?"

बाबा वाकून बुटांतलं पाणी काढू लागले. दादानं बोटानं दाखवलं, "हा तुमचा." त्यांनी तो उचलून फेकला. लालसर गोटा तसाच होता. ते त्याच्याकडे पाहू लागले, आणि मला कळलं की ते पुन्हा आत जातील. मामालाही कळलं असावं, कारण तो उठून त्यांच्या आणि वाटेच्या मधे उभा राहिला.

तेव्हा दादा म्हणाला, "तो माझा आहे. मी दोन ठेवले होते."

"काय?"

"गंमत म्हणून."

बाबांनी त्याला मारलं. उलट्या हातानं, तोंडावर. त्याआधी त्यांनी घरात किंवा शाळेत कोणावर हात उचललेला मी पाहिला नव्हता. दादाचा ओठ फुटला. मामा त्यांचा हात धरून म्हणाला, "राहू द्या मास्तर, लेकरू हाय." मग दादाला, "तुहा हाय नं? तं उचल."

दादानं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्यालाही रीत माहीत होती. आईनं आम्हा दोघांना एकाच गोधडीत ती सांगितली होती. दुसऱ्याचा गोटा उचलला तर काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं, आणि हा दुसऱ्याचा आहे हे आम्हा दोघांनाच. मी खाली बघितलं. तो वाकला, त्यानं गोटा उचलला, आणि पाठमोरा होऊन फेकला. उतारावर गोटा आदळत गेल्याचा आवाज मी ऐकला. मामानं बैल जुपले. परतीच्या वाटेवर तो धारेचा आवाज कोसभर मागून येत होता. घरी पोचलो तेव्हा आत्या दिवा लावत होती. बाबा आत गेले, मी गेले. दादा उंबरठ्याच्या आत आला, पण दाराची फळी हातात धरून तसाच उभा राहिला. एखादं माणूस मागून दोन पावलं येत असावं एवढाच वेळ. मग त्यानं दार लावलं. त्या संध्याकाळी हजेरी झाली नाही, आणि त्यानंतर कधीच झाली नाही.

ही सवय त्याला जन्मभर राहिली. पाटबंधारे खात्यात लागला, आर्वीत घर बांधलं, लग्न झालं, मुलं झाली. कुठल्याही दारातून आत आला की तो क्षणभर दार धरून ठेवी. एसटीत चढल्यावर दाराजवळची जागा लगेच सोडत नसे. माझ्या ग्रंथालयाचं दार स्प्रिंगचं होतं, सोडलं की धाडकन लागे. मला भेटायला आला की तो ते खांद्यानं अडवून उभा राही आणि पंख्याच्या वाऱ्यानं माझी कार्डं उडत. एकदा मी विचारलं, "कोण आहे मागं?" तो म्हणाला, "कोणी नाही. चहा पाज." मी चहा सांगितला. अठ्ठावन्न वर्षांत मी त्याला एकदाही म्हटलं नाही की मार माझा होता.

यंदा उन्हाळ्यात दादा गेला. पावसाळ्यानंतर मी आर्वीला गेले तेव्हा वहिनी त्याच्या टेबलाचे खण आवरत होती. वहिनी म्हणजे मोठ्यानं बोलणारी, मोठ्यानं रडणारी बाई. पण त्या दिवशी ती हळूच येऊन माझ्यासमोर बसली आणि मूठ उघडली. "हे काय हाय सांगा मले. पेन्शनच्या कागदाखाली, रुमालात बांधून ठेवलं होतं." लालसर होता. मधून पांढरी रेघ. त्या दिवशी उतारावर दादानं फेकला तो दुसराच कुठला तरी होता.

मी तिला म्हटलं, एका ठिकाणी जायचं आहे, तिथं सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची गाडी केली. आता शेवटच्या गावापर्यंत डांबर आहे. पुढं मुरूम, आणि मुरमापुढं तोच जुना रस्ता, चाकोरीऐवजी जेसीबीनं उकरलेला. पहिल्या नाल्यात गाडीचं बूड दगडाला घासलं. चालक विलास म्हणाला, "काकू, इकडं काय काम काढलं तुम्ही? इथं तं पोट्टे रील बनवाले येतात." वहिनी म्हणाली, "आम्हीबी बनवू. तू चालव." दुसऱ्या नाल्याशी त्यानं हात टेकले. आम्ही उतरलो. ती काठी टेकत, मी तिचा दंड धरून. कुरकुऱ्यांची पाकिटं झुडपांना अडकली होती. वनखात्याची एक पाटी गंजून आडवी पडली होती. दूर माणसं बोलत होती. वहिनी थांबली. "जत्रा हाय का?" मी म्हटलं, "नाही. पाणी आहे." वळण आलं आणि आवाज गेला. वहिनीनं माझा हात घट्ट धरला.

खडकाचा पाट रिकामा होता. ती रीत आता कोणी पाळत नाही. बांबू तोडायला कोणी जातही नाही. तिथं बसून मी तिला सगळं सांगितलं. गोधडी, गोटा, हजेरी, थप्पड. अठ्ठावन्न वर्षं न बोललेलं सांगायला फारसा वेळ लागला नाही. माझं बोलणं मलाच दुसरं कोणी बोलतंय असं ऐकू येत होतं. संपल्यावर वहिनीनं तो गोटा हातात घेऊन उलटापालटा केला. मग म्हणाली, "म्हनजे इतके वर्षं माह्या घरात सासू होती, अन् मले कोनी सांगतलं नाई?"

मी तिची काठी उचलून तिच्याजवळ ठेवली.

"अन् मी बायकांत मिरवत होती, मले सासुरवास नाई म्हनून." ती हसली आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "लय चांगली होती मग. कधी तरास नाई देल्ला. सांगतलं असतं तं येखांदी पाटवडी केली असती तिच्यासाठी."

मी लालसर गोटा पाटावर ठेवला. शेजारी माझा. वहिनीनं तिचा. मी पुढं निघाले. ती मागं चपलेचा पट्टा नीट करत राहिली होती, मग काठी टेकत आली. बांबू आता विरळ झाला आहे, तरी वाट तितकीच मुकी. या वेळी मी पावलं मोजायची नाहीत असं ठरवलं होतं. माझ्या चपला ऐकल्या, वहिनीची काठी ऐकली, आणि त्यापलीकडे कान दिला नाही. धारेला पाणी कमी होतं. आम्ही थोडा वेळ उभ्या राहिलो. मी भिजलेल्या हातानं तोंड पुसलं आणि मोठ्यानं, पाण्याच्या आवाजात कोणालाच ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी, म्हटलं की दादा, तो माझा होता.

परत आलो तेव्हा पाटावर चार गोटे होते.

चौथा काळा, चपटा, पत्त्यांच्या कॅटाएवढा. मी वहिनीकडे पाहिलं. ती कड्याकडे पाहत होती. दादानं मला पाहिलं होतं तेव्हा तो काही बोलला नव्हता. मीही बोलले नाही. माझा गोटा उचलून फेकला. लालसर उचलला, ज्यानं ठेवला त्यानंच उचलला, रीतीप्रमाणे, जरा उशिरा. तो फेकला नाही. वहिनीनं आपला फेकला, मग वाकली, गुडघा दुखला तशी कण्हली, आणि तो काळा गोटा उचलून पर्समध्ये चष्म्याच्या घराशेजारी ठेवला. चेन लावली.

आर्वीला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. वहिनीनं कुलूप काढलं. मी आत गेले आणि चपला काढायला भिंतीला धरून वाकले. मागं दार लागल्याचा आवाज आला नाही. वळून पाहिलं तर ती उंबरठ्याच्या आत उभी होती, दाराची कडी धरून, बाहेरच्या रिकाम्या अंगणाकडे तोंड करून. मीही थांबले. किती वेळ थांबायचं ते मला लहानपणापासून पाठ होतं.

मग तिनं माझ्याकडे न वळता विचारलं, "आले का सारे?"

"हजर," मी म्हटलं, आणि तिनं दार लावलं.